ऐकू न आलेलं कसं लिहावं

चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येरमाळ्यात येडेश्वरीची पालखी डोंगरावरच्या मंदिरातून खाली निघते आणि लाखांनी लोक चुन्याचे खडे वेचायला रानात उतरतात. त्या गर्दीत मोबाइल हातात धरून पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि घरी येऊन शांतपणे ऐका. रानात उभे होतात तेव्हा सगळं ऐकू येत होतं. आराध्यांचं गाणं वेगळं, संबळ वेगळा, पलीकडची हलगी वेगळी, हरवलेल्या पोराचं नाव पुकारणारा कर्णा वेगळा, आणि शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीचं ‘आई राजा उदो उदो’ वेगळं. फोनमध्ये मात्र त्या सगळ्याचा एकच गलका उरलेला असतो. त्यातून कोण काय म्हणालं हे कागदावर उतरवायचं झालं, तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच हात थांबतो.

या थांबलेल्या हाताबद्दल लिहायचं आहे. रेकॉर्डिंग उतरवून काढण्याचं काम आज महाराष्ट्रात पूर्वी कधी होत नव्हतं एवढं होतं आहे. गावाचा इतिहास जमवणारे शिक्षक, बोलींचा अभ्यास करणारे विद्यार्थी, पत्रकार, वकील, लोकगीतं गोळा करणाऱ्या संस्था, आजीच्या आठवणी जपू पाहणारी नातवंडं, सगळ्यांच्या फोनमध्ये तासन् तास आवाज साठलेला आहे. तो मजकुरात आणताना जिथं ऐकू येत नाही, किंवा दोघंतिघं एकदम बोलतात, तिथं काय करायचं, याचं शिक्षण कुणी कुणाला देत नाही. म्हणून बहुतेक जण एकच गोष्ट करतात: अंदाजानं भरून टाकतात. माझं म्हणणं असं की, तो अंदाज बहुतेक वेळा दबक्या आवाजाच्या माणसावर अन्याय करतो. असं भरून टाकण्यापेक्षा कोरी जागा केव्हाही चांगली.

आधी कान असा का फसतो ते पाहू. १९५३ साली कॉलिन चेरी या शास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग केला. एकाच माणसाच्या आवाजातली दोन वेगळी निवेदनं त्यानं ऐकणाऱ्याला दिली. दोन्ही एकत्र मिसळून ऐकवली तेव्हा ती वेगळी करताना माणसांना फार जड गेलं. एक डाव्या कानात आणि दुसरं उजव्या कानात दिलं, तर हवं ते निवडून ऐकणं सोपं गेलं. चुनखडीच्या रानात आपल्याला दोन कान असतात, मान वळवता येते, समोरच्याचे ओठ दिसतात. एका माइकच्या फोनला यातलं काहीच नसतं. शिवाय बहुतेक फोन आपल्या शहाणपणानं आवाज ‘स्वच्छ’ करतात, म्हणजे मोठा आवाज पकडतात आणि बारीक आवाज खरखर समजून दाबतात. संबळाचा कडकडाट आला की फोन स्वतःहून सगळ्याचीच पातळी खाली आणतो आणि त्याच्या मागचे दोन शब्द गाडले जातात. ते शब्द पुढं कितीही वेळा ऐकलं तरी परत येत नाहीत.

दुसरा प्रयोग जास्त अस्वस्थ करणारा आहे. रिचर्ड वॉरन यांनी १९७० साली एका ध्वनिमुद्रित वाक्यातला एक आवाज कापून काढला आणि तिथं खोकला घातला. वीस जणांना ते ऐकवलं. खोकला सगळ्यांना ऐकू आला, पण वाक्यातला एखादा आवाज नाहीसा झाला आहे असं एकोणीस जणांना वाटलंच नाही. मेंदूनं तो भरून घेतला होता. ऐकणाऱ्याला आपण अंदाज करतो आहोत हे कळतही नाही. तो शपथेवर सांगेल की मी ऐकलं. उतरवणाऱ्याच्या कामातला खरा धोका इथं आहे. त्याची लबाडी नसते, पण त्याच्याच कानामागं बसलेलं कुणीतरी गाळलेली जागा त्याला न विचारता भरत असतं. आणि ते भरतं ओळखीच्या शब्दांनी. पुण्यात वाढलेल्या माणसाचे ओळखीचे शब्द वेगळे आणि येरमाळा ज्यात आहे त्या कळंब तालुक्यातल्या माणसाचे वेगळे.

आता एक तुकडा जवळून पाहू. येरमाळ्यातल्याच एका घरात दोन जावा बसल्या आहेत. थोरली ऐंशीच्या घरातली, धाकटी तिच्याहून बरीच लहान. यात्रेला पूर्वी बैलगाड्या कुठून कुठून यायच्या आणि कुठं सुटायच्या, असा विषय निघाला आहे. फोन थोरलीच्या मांडीजवळ ठेवलेला, छताला पंखा चालू, आतल्या खोलीत कुकर. घाईत ऐकलं की एवढंच वाक्य हाती लागतं: ‘तवा आमच्या रानात बार्शीच्या गाड्या सुटायच्या.’ वाक्य पूर्ण आहे, अर्थ सरळ आहे, भूगोलालाही धरून आहे. बार्शी पश्चिमेला जवळच आहे आणि तिथून यात्रेकरू येणं अगदी साहजिक. कुणाला शंका यायचं कारण नाही.

पण ‘बार्शीच्या’ या शब्दावर आवाज जरा जाड झालेला आहे. हेडफोन लावून, वेग कमी करून, तेवढाच तुकडा फिरवून ऐकला की कळतं, तिथं एक नाही, दोन शब्द आहेत. दोन्ही ‘शीच्या’वर संपतात. थोरली ‘बार्शीच्या’ म्हणते, आणि त्याच क्षणी धाकटी ‘येडशीच्या’ म्हणते. शेवट जुळल्यामुळं दोन शब्द एकमेकांत मुरले आहेत. लिहायचं झालं तर ते असं लिहावं लागेल:

थोरली: तवा गाड्याच की सगळ्या. आमच्या रानात [बार्शीच्या] गाड्या सुटायच्या.
धाकटी: [येडशीच्या] वं आक्का. बार्शीचे (     ) उतरायचे.
थोरली: आगं न्हाई. मला काय म्हाईत न्हाई व्हय?

चौकटी कंसात जे आहे ते एकाच वेळी बोललेलं. गोल कंसात काहीच नाही, कारण त्या जागी कुकरची शिट्टी झाली आहे आणि धाकटीचा शब्द तिच्याखाली गेला आहे. बार्शीचे ‘पलीकडं’ उतरायचे, की ‘खाली’ उतरायचे, की ‘आमराईत’ उतरायचे, हे सांगता येत नाही. तिन्ही शब्द त्या जागी बसतात. म्हणूनच त्यातला एकही लिहायचा नाही.

या तीन ओळींत आणि मघाच्या एका ओळीत किती अंतर आहे पाहा. त्या एका ओळीत फक्त माहिती आहे. तीन ओळींत दोन बायका आहेत, त्यांचा मतभेद आहे, थोरपणाचा अधिकार आहे आणि धाकटीनं जाता जाता सांगितलेली एक वेगळी आठवण आहे. येडशीच्या लोकांशी या घराचं काय नातं होतं, हा पुढचा प्रश्न त्या दाबल्या गेलेल्या शब्दातूनच निघतो. घाईत उतरवलेल्या मजकुरात धाकटी जाऊ बोललीच नाही असं होतं. फोन थोरलीच्या मांडीजवळ होता एवढंच त्याचं कारण.

यावर सगळ्यात चांगला उपाय यंत्रात नाही. तो तुकडा परत नेऊन त्याच दोघींना ऐकवायचा. आपला आवाज ऐकताना माणसं हरखतात, हसतात आणि हमखास शब्द सांगतात. कधी कधी मात्र गाठ सुटत नाही. या दोघींना ऐकवल्यावर थोरली म्हणाली, बार्शीच्याच. धाकटी म्हणाली, येडशीच्याच. शिट्टीखालचा शब्द धाकटीला स्वतःलाही आठवला नाही. मग कागदावरही तसंच राहायला हवं. वाद मिटवणं हे उतरवणाऱ्याचं काम नाही.

आपल्याकडं बोलणं एकमेकांत शिरतं म्हणून अभ्यासकानं कपाळाला हात लावण्याचं कारण नाही. ओट्यावर, पारावर, चुलीपाशी कुणी आपल्या पाळीची वाट पाहत बसत नाही. सांगणारा सांगत असतो आणि ऐकणारा ‘व्हय’, ‘हां’, ‘मग वं’ करत हुंकार भरत असतो. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो आणि विचारतो, झोपलास का? हे हुंकार उतरवायचे की नाहीत यावर मतं आहेत. प्रत्येक ‘हां’ लिहिला तर मजकूर वाचवत नाही हे खरं. तरी जिथं हुंकार बदलतो, ‘व्हय’च्या जागी ‘आं?’ येतो, किंवा नेमका नको तिथं तुटतो, तिथं तो लिहायलाच हवा. तिथं ऐकणाऱ्याला काहीतरी खटकलेलं असतं.

संभाषणाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांनी यासाठी खुणांची एक पद्धत बसवली. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांचा बोलण्याच्या पाळीवरचा प्रसिद्ध निबंध १९७४ सालचा. त्यातल्या खुणा जेफरसन यांच्या. दोन आवाज जिथं एकमेकांवर चढतात तिथं चौकटी कंस, शंकास्पद शब्द गोल कंसात, आणि काहीच कळलं नाही तर गोल कंस रिकामा. मला यातल्या रिकाम्या कंसाचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. ‘इथं कुणीतरी काहीतरी बोललं आहे आणि मला ते कळलं नाही’ एवढं सगळं तो सांगतो. नुसती तीन टिंबं टाकली की वाचणाऱ्याला वाटतं, बोलणारा अडखळला किंवा संपादकानं काही गाळलं. शक्य तर कंसाजवळ वेळही लिहावी, किती मिनिटं किती सेकंदांवर, म्हणजे उद्या चांगला कान असलेला दुसरा कुणी थेट तिथं जाऊन ऐकू शकेल.

संसदेच्या कामकाजातही हा प्रसंग रोज येतो. अनेक सदस्य एकदम बोलू लागले की हिंदी वृत्तांतात कंसात ‘व्यवधान’ असं छापतात. सभागृहाच्या कारभारासाठी तेवढं पुरेसं असेल. गावातल्या आठवणींसाठी ते पुरत नाही, कारण त्या एका शब्दाच्या पोटात कुणाकुणाचं बोलणं गेलं हे कुणालाच कळत नाही.

आणि ही शिस्त आपल्याला परकी आहे असं समजायचं कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. १९२५ साली वि. स. सुखठणकर तिचे प्रमुख संपादक झाले आणि १९६६ साली काम पूर्ण झालं. शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिल्यावरही जिथं पाठाची खात्री पटली नाही, तिथं त्या शब्दांखाली नागमोडी रेघ छापली आहे. जगभर मान मिळालेल्या विद्वानांनी व्यासांच्या ग्रंथात आपला संशय असा उघडपणे छापला. त्याही मागं जा. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या त्या ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं, ऐकलं त्यांच्याकडं जाऊन. लीळाचरित्राची मूळ प्रत पुढं धामधुमीत गेली, आणि हिराइसेसारख्यांच्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. आठवणी जुळल्या नाहीत तिथं महानुभावांनी एकाची खरी धरून दुसऱ्याची पुसली नाही. ‘वासना’ म्हणून ती वेगळी आठवण शेजारी नोंदवली. बार्शी आणि येडशीचा प्रश्न त्यांच्यापुढं आला असता तर तो त्यांनी कसा लिहिला असता, हे सांगायला नको.

चक्रधरांच्या शब्दांना जो मान मिळाला तोच येरमाळ्याच्या जावेच्या शब्दांना द्यायचा, एवढाच इथं मुद्दा आहे.

असा मान देऊन केलेलं एक मोठं काम महाराष्ट्रात उभं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यात बसून, आणि मुळशीच्या डोंगरांपासून मराठवाड्यापर्यंत हिंडून, जात्यावरच्या ओव्या जमवल्या. गावातल्याच कार्यकर्त्या स्त्री-पुरुषांनी त्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या बाया आणि एक लाखाहून जास्त ओव्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या पुष्कळ बायांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, ते शंभर तासांहून जास्त भरतात. पॉइटवँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. २०१७ पासून हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात हळूहळू प्रकाशित होतो आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे, माजलगावच्या भीमनगरातल्या बाबासाहेबांवर गाणाऱ्या बाया, हे सगळे मराठवाड्यातले आवाज त्यात ऐकायला मिळतात.

ओवी उतरवणं म्हणजे दोन आवाजांच्या गुंत्याची परीक्षाच. जात्याला समोरासमोर दोघी बसतात. एकीनं ओळ उचलली की दुसरी मध्येच तिला येऊन मिळते. कधी अख्खी ओळ, कधी शेवटचे दोन शब्द, कधी नुसतं ‘गं बाई’. पहिलीचा श्वास संपतो तिथं दुसरी सूर धरून ठेवते. खाली दगडाची घरघर चालूच, आणि ती सारखी असल्यामुळं कान तिच्याकडं दुर्लक्ष करायला शिकतो. तो शिकतो, पण रेकॉर्डिंग शिकत नाही. कागदावर छापली जाणारी ओवी दोन ओळींची असते. ऐकू येणारी ओवी तीच ओळ उलटसुलट घोळवत, ‘बाई’, ‘सयांनो’ असे शब्द पेरत बरीच लांबते. मग उतरवायचं काय? दोन ओळींचा सांगाडा लिहिला तर अभ्यासकाची सोय होते, अर्थ हाती येतो, अनुवाद करता येतो. सगळं लिहिलं तर कुठं कोण कुणाला मिळालं, कुणाला ओळ पाठ होती आणि कुणी ती ऐकून धरली हे दिसतं. माझ्या मते दोन्ही हवं आणि दोन्ही वेगवेगळं हवं. सांगाडा म्हणजे संपादकाचं काम. दुसरं म्हणजे साक्ष. साक्षीत स्वच्छता करायची नसते. आणि ज्यांचा आवाज या संग्रहात आहे त्यांच्या ओव्या आजही मुळातून ऐकता येतात, ही त्या कामाची मोठीच पुण्याई. मूळ आवाज शाबूत असला तर उतरवणाऱ्याची चूक उद्या कुणीही दुरुस्त करू शकतो.

आराध्यांच्या गाण्याचं गणित आणखी वेगळं. तिथं म्होरक्या गातो आणि बाकीचे झील धरतात. झील धरणारे शब्द पूर्ण उच्चारतीलच असं नाही. संबळाच्या लहान तोंडावरचा तीक्ष्ण ठोका नेमका ओळीच्या सुरुवातीला पडतो, आणि मराठीत शब्दाचं पहिलं अक्षर गेलं की पंचाईत होते. अशा वेळी एक युक्ती कामाला येते. तीच ओळ गाण्यात पुन्हा येते. पहिल्या खेपेला ठोक्याखाली गेलेला शब्द तिसऱ्या खेपेला उघडा सापडतो. पण सापडल्यावर तो पहिल्या जागी गुपचूप बसवायचा नाही. कंसात बसवायचा. गाणारा दर खेपेला तेच म्हणेल असा नेम नसतो. देवीच्या गाण्यात जागच्या जागी नाव बदलणारे, समोर बसलेल्या यजमानाचं गाव गुंफणारे गायक या भागात कमी नाहीत.

बोलीचा प्रश्नही याच कामात येऊन मिळतो. धाराशिव आणि लातूरकडं माणूस ‘काय करलालाव?’ असं विचारतो आणि ‘जेवलालोय’ असं सांगतो. ही रूपं कानाला सवयीची नसली की ती अस्पष्ट वाटतात. बोलणं स्पष्टच असतं, ऐकणारा परका असतो. मग तो ‘करायला लागलात’ असं लिहून मोकळा होतो, आणि चालू असलेली क्रिया सुरू झालेली क्रिया होऊन बसते. डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलं, त्यात जिल्ह्याजिल्ह्यातल्या बोलणाऱ्यांचे नमुने ऐकायला ठेवले आहेत. अनोळखी भागातलं रेकॉर्डिंग उतरवायला घेण्यापूर्वी तिथले अर्धा तास नमुने ऐकले, तरी निम्मी ‘अस्पष्टता’ नाहीशी होईल. शक्य असेल तर मजकूर त्याच भागातल्या माणसाकडूनच तपासून घ्यावा. हे काम दहावी झालेली गावातली मुलगी परगावच्या प्राध्यापकापेक्षा चांगलं करते.

फोनवरच्या मुलाखतींचा घोळ निराळा. साध्या कॉलमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. ‘स’चा बहुतेक जोर त्याच्या वर असतो. म्हणून फोनवर ‘साठ’ आणि ‘आठ’ यांची गल्लत होते. साठ पोती की आठ पोती, साठ एकर की आठ एकर, हे फोनवरच्या रेकॉर्डिंगवरून ठरवू नये. आकडा आला की तिथल्या तिथं विचारून घ्यावं: साठ म्हणजे सहा दाही का? विचारायला एक क्षण लागतो.

आणि हे सगळं केवळ अभ्यासकांचं सोवळं नाही. कोर्टातही हाच प्रश्न येतो. मुंबईचे त्या वेळचे कोरोनर मलकानी यांच्या खटल्यात, टेपवर घेतलेलं टेलिफोनवरचं संभाषण पुरावा म्हणून चालतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७२ साली ठरवलं. पुढं १९८५ साली रामसिंग विरुद्ध कर्नल रामसिंग या निवडणूक खटल्यात न्यायालयानं अटी नीट घालून दिल्या. बोलणाऱ्याचा आवाज ओळखता यायला हवा, मूळ टेपशी छेडछाड झालेली नसावी, आणि आवाज स्पष्ट असावा, दुसऱ्या आवाजांत किंवा गोंधळात तो हरवलेला नसावा. म्हणजे आवाजावर आवाज चढला की पुरावाच डळमळतो. तिथं उतरवलेल्या मजकुरात अंदाजानं भरलेला एक शब्द एखाद्याचं आयुष्य फिरवू शकतो.

आता यंत्रांविषयी. बोलणं ऐकून मजकूर देणारी यंत्रं गेल्या काही वर्षांत फार पुढं गेली आहेत, मराठीतही. त्यांचा उपयोग करू नये असं मी म्हणणार नाही. एक माणूस, शांत खोली, सरळ प्रमाण मराठी असेल तर यंत्र पहिला खर्डा झपाट्यानं देतं आणि तासांचं काम वाचवतं. एरवी एका तासाच्या स्वच्छ मुलाखतीला सरावलेल्या माणसालाही चार-पाच तास लागतात. पण यंत्राचा एक दोष या विषयाच्या गाभ्याला भिडतो. ते सहसा जागा कोरी सोडत नाही. ओपनएआय कंपनीचं व्हिस्पर २०२२ साली आलं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात त्यानं उतरवलेल्या तुकड्यांपैकी सुमारे एक टक्का तुकड्यांत, कुणीही न बोललेली अख्खी वाक्यं आढळली. मेंदूच्या आजारामुळं ज्यांना अडखळत, थांबत बोलावं लागतं, त्यांच्या बाबतीत हे जास्त घडलं. शांतता लांबली की यंत्रानं ती स्वतःच्या शब्दांनी भरली. वॉरनच्या प्रयोगातला माणूस एक आवाज भरत होता, यंत्र वाक्य भरतं, आणि तेही ठणठणीत व्याकरणात. ऐंशी वर्षांची बाई आठवण काढताना मध्येच गप्प होते, तेव्हा त्या गप्प राहण्यातही काही असतं. यंत्राचा खर्डा घेतलाच, तर जिथं मजकूर सगळ्यात सफाईदार वाटतो तिथंच आवाज पुन्हा ऐकावा.

यातलं बरंचसं दुखणं मुळात रेकॉर्डिंग करतानाच टाळता येतं. दोन माणसं बोलणार असतील तर दोन फोन घ्या, एकेकाजवळ एकेक, तोंडापासून वीतभर अंतरावर. फोन विमान मोडवर टाका आणि घडी घातलेल्या कपड्यावर ठेवा. सुरुवातीला एकदा मोठ्यानं टाळी वाजवा, म्हणजे नंतर दोन्ही रेकॉर्डिंग त्या टाळीवर जुळवता येतात. पंखा बंद करायला सांगायचा संकोच धरू नका. यजमान घाम पुसत का होईना, पण बंद करतात. सुरुवातीलाच प्रत्येकाकडून नाव आणि गाव त्याच्याच तोंडून घ्या, म्हणजे पुढं आवाज ओळखताना तो नमुना हाताशी राहतो. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला आवाज सहसा आकसलेला असतो. मूळ फाइल केबलनं उतरवून घ्या. उतरवताना नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेनं केलेलं ‘एलान’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यात प्रत्येक बोलणाऱ्याला स्वतंत्र पट्टी मिळते, त्यामुळं दोघी एकदम बोलल्या तरी एकीला पुसून दुसरीला लिहावं लागत नाही. आणि बोलणाऱ्यांना ‘एकेकानं बोला’ असं मात्र सांगू नका. तसं सांगितलं की धाकटी गप्प बसते.

शेवटची गोष्ट पैशांची आहे, आणि ती या कामाच्या मुळाशी आहे. रेकॉर्डिंग उतरवून देणाऱ्याला बहुतेक ठिकाणी मिनिटावर पैसे मिळतात. चार बायका एकदम बोलत असलेल्या मिनिटाला आणि एकाच माणसाच्या भाषणाच्या मिनिटाला दर एकच. वर रिकामे कंस जास्त दिसले की काम निकृष्ट ठरतं. असा व्यवहार असेल तर कुणीही अंदाजानंच भरेल. तेव्हा ज्या संस्था, विद्यापीठं, प्रकाशक आणि नियतकालिकं अशी कामं देतात त्यांना विनंती आहे. गुंत्याच्या मिनिटांना जास्त दर द्या, तो तुकडा बोलणाऱ्यांना परत नेऊन ऐकवण्यासाठी एसटीचं भाडं द्या, मूळ आवाज जपून ठेवा, आणि रिकाम्या कंसाचे पैसे कापू नका.